रक्ताची प्रदक्षिणा आणि हृदयाचा वाटा



देवळात आपण प्रदक्षिणा घालतो ती गाभाऱ्यापासून निघून पुन्हा गाभाऱ्यापाशी येण्यासाठी. जेथून निघाला तेथेच परत आला, मग त्याने मिळविले काय, असा प्रश्न एखादा चिकित्सक विद्यार्थी करतो आणि वडील मंडळी त्यास गप्प बसवितात. वस्तुतः त्याचे उत्तर त्याच्याच छातीत चालू असते. प्रौढ मनुष्याच्या देहातील सुमारे ५ लिटर रक्त हृदयापासून निघते, नखशिखांत फिरते आणि पुन्हा हृदयाशी येते. मनुष्य स्वस्थ बसलेला असला तरी एवढ्या रक्ताची ही फेरी साधारण एका मिनिटात होते. जाताना ते काही देऊन जाते, येताना काही घेऊन येते. या फेरीविषयी चार शब्द लिहावे अशी आज्ञा मंडळाने आम्हांस केली. तिला निमित्तही तसेच घडले आहे. ते पुढे यथाक्रम येईल.

आम्हां हिंडलगेकरांस पंप म्हणजे काय हे सांगावयास नको. राकसकोप जलाशयाचे पाणी आपल्या गावच्या पंपांनी वर चढविले जाते, लक्ष्मी टेकडीवर शुद्ध होते आणि मग बेळगाव शहराच्या नळांस येते. हृदय हाही पंपच. मात्र एक नसून एकाच भिंतीस पाठ लावून बसलेले ते दोन पंप आहेत. दोहोंचे मिळून वजन ३०० ग्रॅमच्या आसपास, आणि आकार ज्याच्या त्याच्या मुठीएवढा. उजवा पंप देहातून परतलेले रक्त फुप्फुसांकडे धाडतो. तेथे ते कर्बवायू टाकून प्राणवायू घेते व डाव्या पंपाकडे येते. डावा पंप तेच रक्त महाधमनीत लोटतो आणि ते साऱ्या देहात जाते. अशा रीतीने प्रदक्षिणा दोन झाल्या. एक जवळची, फुप्फुसांची, आणि दुसरी लांबची, सर्वांगाची. लांबची वाट ज्याच्या वाट्यास आली त्या डाव्या पंपाची भिंत उजव्याहून पुष्कळ जाड असते. एका ठोक्यास सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या अर्ध्या कपाएवढे रक्त बाहेर पडते. मिनिटास सत्तर-बहात्तर ठोके धरले तर अहोरात्रात एक लाखांहून अधिक ठोके आणि सात हजार लिटर रक्ताची वाहतूक होते. या यंत्रास रविवार नाही, की अमावास्येची सुटीही नाही.

येथे एक शब्द आम्हांस खटकतो, तो सांगून पुढे जाऊ. शाळेच्या पुस्तकात धमन्यांतील रक्तास ‘शुद्ध’ आणि शिरांतील रक्तास ‘अशुद्ध’ म्हटलेले असे, आणि अजूनही अनेकांच्या तोंडी तेच शब्द आहेत. त्यामुळे शिरांतून वाहते ते काही घाणेरडे पाणी, अशी समजूत होते. वास्तविक, स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या शिरांतून हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातही वाहून नेलेल्या प्राणवायूपैकी सुमारे तीन चतुर्थांश शिल्लक असतो. पंगतीत वाढून परत येणाऱ्या परातीत भात उरलेला असावा, तसेच ते आहे. त्या परातीस कोणी उष्टी म्हणत नाही.

आता मुख्य चमत्काराकडे येऊ. शहरात गेलेले पाणी आपल्या पंपाकडे परत येत नाही. रक्ताविषयीही पुष्कळ काळ असेच समजत असत. रोमन साम्राज्यातील गेलन या वैद्याचे मत असे की, रक्त अन्नापासून यकृतात तयार होते आणि अवयवांत जिरून जाते. पाटाचे पाणी भाताच्या वाफ्यात जिरावे तसे. हे मत युरोपात तेराचौदाशे वर्षे टिकले. इ. स. १६२८ मध्ये विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने एक लहानसा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध करून ते मोडून काढले. त्याचा युक्तिवाद वाण्याच्या वहीइतका सरळ आहे. एका ठोक्यास हृदय किती रक्त बाहेर टाकते, याचा त्याने मुद्दाम कमीत कमी अंदाज धरला आणि ठोक्यांच्या संख्येने गुणिले. तरीही अर्ध्या तासातले रक्त साऱ्या देहात मावेल त्याहून अधिक निघाले. एवढे अन्न कोणी खात नाही, एवढे पाणी कोणी पीत नाही. मग हे रक्त येते कोठून? उत्तर एकच उरले: तेच रक्त परत येते.

आमच्या पूर्वाचार्यांस याची काहीच कल्पना नव्हती असे मात्र नाही. सुश्रुताने रसाचे स्थान हृदय सांगून, तेथून चोवीस धमन्यांवाटे तो देहाचे पोषण करतो असे म्हटले आहे, आणि रक्तास देहाचे मूळ मानिले आहे. भेलसंहितेत तर हृदयातून निघालेला रस शिरांवाटे हृदयाकडेच येतो, असा आशय आढळतो. हे वाचून अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ‘हे सारे आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणून हार्वेचे श्रेय काढून घेणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. बीज हाती असणे वेगळे आणि मोजून, बांधून, तपासून झाड उभे करून दाखविणे वेगळे. फुप्फुसांची जवळची फेरी तेराव्या शतकात इब्न अल्-नफीस या अरब वैद्याने वर्णिली होती. तोही या मार्गावरचा एक मानकरीच आहे.

हार्वेचा एक प्रयोग प्रत्येकास घरी करता येईल. आजोबांच्या हातावरील शिरा ठळक दिसतात, त्यांची परवानगी घेऊन करावा. कोपराखालील एखाद्या फुगीर शिरेवर एक बोट दाबून धरावे आणि दुसऱ्या बोटाने शिरेतील रक्त कोपराच्या दिशेने लोटीत न्यावे. वाटेतली बारीकशी गाठ ओलांडली म्हणजे ते बोट उचलावे. मधली शीर रिकामीच राहते. वरचे रक्त खाली येत नाही. पहिले बोट उचलताच ती खालून भरून येते. ती गाठ म्हणजे शिरेतील झडप होय. शंकराच्या देवळात सोमसूत्रापाशी थबकून आपण मागे फिरतो, तशी अर्धी प्रदक्षिणा रक्तास चालत नाही. त्यास पुढेच जावे लागते.

धमनीतून गेलेले रक्त शिरेत कसे उतरते, ही मधली वाट मात्र हार्वेस कधी दिसली नाही. ती असलीच पाहिजे, असे त्याचे अनुमान होते. १६५७ मध्ये तो वारला. नंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीतील मालपीगी याने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाचे फुप्फुस पाहिले आणि त्यास केसाहून बारीक अशा वाहिन्यांचे जाळे दिसले. आपले शास्त्रकार अनुमान व प्रत्यक्ष ही दोन वेगळी प्रमाणे मानतात. येथे एका वैद्याच्या अनुमानास दुसऱ्याच्या प्रत्यक्षाने पुरे केले. या केशवाहिन्यांची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. आषाढीच्या दर्शनबारीप्रमाणे रक्तातील तांबड्या पेशी तेथून एकामागून एक, प्रसंगी अंग चोरून जातात. साऱ्या फेरीचे प्रयोजन येथेच घडते. येथे प्राणवायू व अन्नरस दिला जातो आणि कर्बवायू व मळ घेतला जातो. बाकी सर्व केवळ रस्ता.

या तांबड्या पेशीची गोष्ट मोठी विलक्षण आहे. ती अस्थिमज्जेत जन्मते, सुमारे १२० दिवस जगते, आणि दर सेकंदास अशा वीस लाखांच्या घरात नव्या पेशी आपल्या देहात तयार होतात. जन्मभर ती प्राणवायूच वाहते. परंतु तो स्वतःसाठी वापरण्याची सोयच तिच्या ठिकाणी नाही. आपले पोट ती थोड्याशा साखरेवर भरते. नैवेद्याचे ताट घेऊन जाणाऱ्याने वाटेत त्यास तोंड लावू नये, हा नियम आपण मुलांस शिकवितो. येथे तो पेशीच्या घडणीतच घातलेला आहे. तिचे आयुष्य संपले म्हणजे तिच्यातील लोह देह फेकून देत नाही. ते नव्या पेशींच्या कामी येते.

तसेच या फेरीत मानपानही नाही. आपल्याकडे आरतीचे तबक प्रथम कोणापुढे धरावे यावरून काय काय घडते ते सभासदांस ठाऊक आहे, म्हणून अधिक लिहीत नाही. देहात ज्यास त्या वेळी जितके हवे तितके मिळते. मेंदूचे वजन देहाच्या दोन टक्के; पण रक्ताचा सुमारे सातवा हिस्सा त्यास लागतो, कारण त्याचे काम क्षणभरही थांबत नाही. मूत्रपिंडे आकाराने लहान. त्यांस पाचवा हिस्सा जातो, कारण साऱ्या देहाचे रक्त गाळून द्यावयाचे असते. जेवण झाले की आतड्यांचा वाटा वाढतो. शेतात नांगर धरला की स्नायूंचा वाढतो आणि आतड्यांचा आपोआप कमी होतो. कोणी रुसत नाही.

आता आम्हांस जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते सांगतो. हृदय रात्रंदिवस रक्ताने भरलेले असते. मग त्यास स्वतःच्या पोषणाची काय काळजी, असे कोणासही वाटेल. पण तसे नाही. अगदी आतला पातळसा थर सोडला, तर हृदयाच्या जाड भिंतीस कप्प्यांतील त्या रक्ताचा उपयोग होत नाही. डाव्या पंपाने रक्त महाधमनीत टाकले, म्हणजे त्या महाधमनीच्या मुळाशीच दोन लहान शाखा फुटतात. त्या मागे वळून हृदयास वेढतात आणि त्यांतून हृदयाचे पोषण होते. कोठारात हात न घालता, इतरांकडे जे पाठविले त्यातूनच हृदय आपला भाग घेते. तोही सुमारे पाच टक्के, म्हणजे स्वस्थ असताना मिनिटाला पाव लिटर एवढाच. शिवाय डाव्या बाजूच्या भिंतीस त्यातील बहुतेक रक्त दोन ठोक्यांमधील विसाव्यात मिळते. आकुंचन पावून देण्याचे काम चालू असताना घेणे जवळजवळ थांबलेले असते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचे वर्णन आहे. अन्नापासून प्राणी, पर्जन्यापासून अन्न, यज्ञापासून पर्जन्य असे ते चक्र. जो ते पुढे चालवीत नाही व केवळ भोगतो तो व्यर्थ जगतो, न देता खातो तो चोर, आणि यज्ञ करून जे शेष राहते ते खाणारा निर्दोष, असे भगवंतांनी तेथे सांगितले आहे. हृदयाच्या या रीतीहून यज्ञशेषाचे अधिक चोख उदाहरण आम्हांस माहीत नाही.

परंतु ‘शेष’ या शब्दाचा अर्थ आपल्या घराघरांत फार चुकीचा लाविला गेला आहे. आपली माताभगिनी पहाटे उठते, सर्वांस वाढते आणि शेवटी पातेल्याच्या तळाशी जे राहील त्यावर भागविते. भाकरी असली तर भाजी नसते. यास आपण त्याग म्हणतो, तिची थोरवी गातो. हृदयाकडे पुन्हा पाहावे. त्याचा वाटा महाधमनीच्या अगदी पहिल्या शाखांतून निघतो. मेंदू, हात, यकृत, पाय हे सर्व त्यानंतर येतात. जे रक्त मेंदूस, तेच त्यास. निराळे, शिळे किंवा पातळ केलेले नव्हे. देणाऱ्याने कोठारातून घेऊ नये हे जितके खरे, तितकेच देणाऱ्याचा वाटा प्रथम निघावा हेही खरे. त्या दोन शाखांपैकी एखादी एकाएकी बंद झाली की काय होते ते सर्वांस ठाऊक आहे. हृदयविकाराचा झटका म्हणतात तो बहुधा हाच. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने पीडित आढळल्या. याची कारणे अनेक आहेत, पण तळाचे पातेले हेही त्यांपैकी एक आहे, याविषयी आम्हांस शंका नाही.

आता निमित्त सांगतो. येत्या उत्सवात रक्तदानाचे शिबिर भरवावे असा विषय मंडळापुढे आला. मागील पावसाळ्यात पंचक्रोशीतील एका सुनेस बाळंतपणात फार रक्त गेले. रुग्णालयाच्या दारात सासरमाहेरचे मिळून दहाबारा धट्टेकट्टे पुरुष उभे होते. कोणी रक्त देता का, अशी विचारणा होताच एकास गवळी येण्याची वेळ आठवली, दुसऱ्यास आपला जुना ताप आठवला. ती बाई वाचली. ज्या रक्तावर वाचली, ते कोणा अनोळखी माणसाने काही दिवसांपूर्वी देऊन ठेवलेले होते. हे नीट ध्यानात घ्यावे: आपण दिलेले रक्त लगेच रुग्णास चढवीत नाहीत. कावीळ, एचआयव्ही, मलेरिया इत्यादींसाठी ते प्रथम तपासावे लागते. म्हणून ऐन वेळी धावणाऱ्यापेक्षा आधी देऊन ठेवणारा खरा उपयोगी पडतो. पैसे घेऊन रक्त विकण्याचा धंदा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने १ जानेवारी १९९८ पासून बंद झाला. कारखान्यात रक्त करता येत नाही. तेव्हा ते माणसाने माणसास द्यावे, याखेरीज दुसरा मार्ग नाही.

कोणाचे रक्त कोणास चालते, येथे जातगोत उपयोगी पडत नाही. कार्ल लँडस्टायनर याने १९०१ मध्ये रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे सिद्ध आहे. सख्ख्या भावाचे न चालणारे रक्त परमुलखातील परधर्मीयाचे चालते. याची परिसीमा पाहावयाची तर ‘बॉम्बे’ रक्तगट पाहावा. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रथम नोंदविला. साध्या तपासणीत तो ‘ओ’ गट भासतो. पण त्या मनुष्यास ‘ओ’ गटाचेही रक्त चालत नाही, दिल्यास प्राणावर बेतते. त्यास त्याच गटाचे रक्त लागते, आणि भारतात असा मनुष्य दहा हजारांत एखादाच. त्याची सारी भिस्त कोठल्या तरी दूरच्या गावातील एका अपरिचित दात्यावर असते.

मंडळात दोन आक्षेप निघाले. पहिला अशक्तपणाचा. एका वेळी ३५० मिलिलिटर रक्त घेतात, म्हणजे आपल्या साठ्याचा चौदावा-पंधरावा भाग. त्यातील पाण्याचा अंश एकदोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशी चार ते आठ आठवड्यांत. पुरुषास तीन व स्त्रीस चार महिन्यांनी पुन्हा देता येते. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन निदान साडेबारा असावे लागते. नसल्यास डॉक्टर स्वतःच परत पाठवितात.

दुसरा आक्षेप शुचितेचा होता, आणि तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. अंगातून रक्त वाहत असता पूजेस बसू नये, हा आचार आम्ही बालपणापासून घरात पाहत आलो आहो. हा प्रश्न आमच्या तीर्थरूपांपुढे ठेविला. त्यांनी थोडा विचार करून सांगितले की, ही मर्यादा गाभाऱ्याची आहे, ती पाळावी. धर्मशाळेस ती लागू नाही. ज्यास संकोच वाटेल त्याने आधी दर्शन घ्यावे, मग रक्त द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी स्नान करून पुन्हा यावे. ते स्वतः सत्तरीकडे झुकले आहेत, म्हणून त्यांचे रक्त घेणार नाहीत. याचे त्यांस वाईट वाटले.

तेव्हा शिबिर धर्मशाळेत होईल. उत्सवाच्या दिवशी पुष्कळांचा उपवास असतो, म्हणून ते दुसऱ्या दिवशी ठेविले आहे. उपाशी पोटी कोणी येऊ नये. भरपूर पाणी प्यावे. ज्या भगिनींचे हिमोग्लोबिन कमी भरेल, त्यांनी संकोच न करता तो आकडा लिहून घेऊन डॉक्टरांस दाखवावा, आणि घरच्या पुरुषांनी तो वाचावा. सकाळी सातपासून उप्पीट व चहा तयार राहील. त्या दिवशी पहिली पंगत स्वयंपाक करणाऱ्या व वाढणाऱ्या बायकांची बसेल. त्यांस वाढण्यासाठी तरुण मंडळींपैकी सहा जणांनी आपली नावे दिली आहेत, आणखी चार हवी आहेत.